डस्टर माझ्याकडे राहू द्या

"डस्टर माझ्याकडे राहू द्या," असे म्हणून बाई टेबलावरचे डस्टर उचलत, वर्गाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसत आणि ते मांडीवर ठेवून त्यावर डावा तळहात दाबून धरत. फळ्यापाशी एखादी घाबरलेली छात्राध्यापिका उभी असे. पाठ सुरू होण्याआधीच तिच्या हातचे पुसण्याचे साधन गेलेले असे. बाईंच्या सुती साड्यांवर गुडघ्याच्या जरा वर खडूचा एक फिकट चौकोन नेहमी दिसायचा, तो या बैठकीमुळे.

परभणीतील आमच्या प्राथमिक शाळेच्या आवारातच एक अध्यापक विद्यालय होते. भावी शिक्षक तेथे शिकत आणि शिकवण्याचा सराव करायला आमच्या वर्गांत येत. बाई त्या विद्यालयात गणिताची अध्यापन पद्धती शिकवीत. मी शाळेत चौथीचा वर्गशिक्षक होतो. त्यांच्या विद्यार्थिनींनी ज्यांच्यावर हात बसवायचा ती मुले माझी, अशा नात्याने मी बाईंना बरीच वर्षे जवळून पाहिले. त्या सेलूहून रोज रेल्वेने ये-जा करीत. घरासमोरच सरकी काढण्याची जिनिंग गिरणी असल्याने कापसाच्या हंगामात त्यांच्या केसांत एखादा तंतू अडकून परभणीपर्यंत यायचा.

आपल्यापैकी ज्यांनी सराव पाठ पाहिला असेल, त्यांना पाठाचे टाचण ठाऊक असेल. कागदाच्या एका बाजूला शिक्षकाने काय विचारायचे ते लिहितात आणि दुसऱ्या बाजूला विद्यार्थी काय उत्तर देतील ते. उत्तर आदल्या दिवशीच लिहून झालेले असते. साहजिकच वर्गात ते उत्तर आले नाही तर शिकवणारीचा धीर सुटतो. म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. पाठाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत छात्राध्यापिका येत, चार हुशार मुलांना बाजूला घेत आणि उत्तरे घोटवून घेत. मोबदल्यात चॉकलेट मिळे. माझी मुले या कामात इतकी तरबेज झाली होती की नव्या छात्राध्यापिकेला तीच धीर देत. "मॅडम, तुमी भिऊ नका. आमी बरोबर सांगतो."

बाईंना ही रीत मोडायची होती. आलेली चूक लगेच पुसता येऊ नये, म्हणून त्या डस्टर काढून घेत.

एकदा अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ चालला होता. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. एका मुलाने फळ्यावर दोन छेद पाच असे उत्तर लिहिले. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. शिकवणारीने सवयीने टेबलाकडे हात नेला, डस्टर नव्हते. बाई मागून उठून आल्या आणि त्या मुलाशेजारी उकिडव्या बसल्या.

"हे कुठून आणलंस रे?"

मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. बाई गप्प राहिल्या. त्यांचे हे गप्प राहणे फार लांबायचे. आपण अवघडून जाऊ, पण त्या अवघडत नसत. शेवटी मुलगा बोलला.

"काल आमी खेळलो ना बाई. पहिल्या डावात दोन चेंडू खेळलो, एक लागला. मंग दुसऱ्या डावात तीन खेळलो, एक लागला. झाले की पाचात दोन."

बाईंचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, "बघा! उत्तर बरोबर आहे. फक्त ते फळ्यावरच्या प्रश्नाचं नाही. मग कोणत्या प्रश्नाचं आहे, ते आपण शोधायचं."

हेच त्यांचे वाक्य पुढे विद्यालयात त्यांच्या नावाला चिकटले. चहाला साखर कमी पडली की शिपाई म्हणे, "बाई, चहा बरोबर हाय. फक्त तुमचा न्हाई." बाई सर्वांत मोठ्याने हसत.

मुले चुकतात तेव्हा ती काय विचार करतात, आणि उद्याचे शिक्षक तो विचार ऐकायला कसे शिकतात, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. एका चुकीला एक कार्ड. वर उत्तर, खाली मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत. प्राचार्य चिडवत, "जग बरोबर उत्तरं जमवतं, बाई, अन् तुम्ही चुका गोळा करायलात." त्यावर बाई शांतपणे म्हणत, "सर, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चूक ज्याची त्याची असते."

भावी शिक्षकांनाही त्या सोडत नसत. पहिल्याच तासाला फळ्यावर अर्धा भागिले पाव लिहून उत्तर विचारत. सर्वजणी दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणत आणि एका सुरात म्हणत, "दोन."

"दोन काय?"

एका वर्षी येलदरीकडच्या एका खेड्यातून आलेली सुनंदा नावाची शेतकऱ्याची मुलगी बराच वेळ विचार करून उभी राहिली आणि म्हणाली, "दोन मार्क, मॅडम." हशा पिकला. बाईंनी अर्धा किलो साखर आणि जुनी वर्तमानपत्रे आणवली व तिच्याकडूनच पाव-पाव किलोच्या पुड्या बांधून घेतल्या. दोन पुड्या झाल्या. सुनंदा त्या पुड्यांकडे अशी पाहत राहिली, जणू शाळेतल्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच भागाकार तिच्या हाताला लागला होता. त्या दिवसापासून ती बाईंची झाली. बाईंची पिशवी ती धरायची, स्टेशनपर्यंत पोचवायला तीच जायची.

हे सारे चालले असताना विद्यालयाला उतरती कळा लागली होती. नोकऱ्या मिळेनात, म्हणून प्रवेश होईनात. एकेक बाक रिकामा पडत गेला. विद्यालय बंद होणार हे सर्वांना दिसत होते. ज्यांची पीएच.डी. झाली असेल त्यांना आपल्या वरच्या, बी.एड.च्या महाविद्यालयात घेऊ, बाकीच्यांचे समायोजन मिळेल त्या शाळेत होईल, असे संस्थेने स्पष्ट सांगितले. बाईंना वरच्या महाविद्यालयात जायचे होते, कारण भावी शिक्षक तेथेच भेटणार होते. शिक्षक होण्याआधीच माणसाला ऐकायला शिकवले पाहिजे, नंतर त्याचे कान मिटतात, असे त्या म्हणत. प्रबंध वेळेत देणे म्हणूनच आवश्यक होते.

शेवटच्या वर्षी त्यांना भराभर कार्डे मिळू लागली. वर्गावर्गांतून एकच गोष्ट पुढे येत होती. अपूर्णांक मिळवताना मुले खेळातला, परीक्षेतला हिशोब मनात धरतात. मुलगे चेंडूंचे सांगत, मुलीही चेंडूंचे सांगत. बाई हरखून गेल्या. प्रबंधाचे मुख्य प्रकरण या निष्कर्षावर उभे राहिले. मार्गदर्शकांनी मान्यता दिली, स्टेशन रोडच्या दुकानात टंकलेखन झाले, बांधणी तेवढी उरली.

त्या आठवड्यात बाई पेढे घेऊन माझ्या वर्गात आल्या. मुलांनी मदत केली म्हणून मुलांना पेढे. गंगासागर नावाची एक लहानखुरी मुलगी पेढा हातात धरून तशीच उभी राहिली.

"बाई, मी बरोबर चुकले ना?"

"म्हणजे गं?" बाईंनी हसतच विचारले.

"सुनंदा मॅडमनी सांगितलं व्हतं. बाई मागं बसल्या की दोन छेद पाच म्हण, अन् बाईंनी विचारलं की लगेच बोलू नको. थोडं थांब, अन् मंग चेंडूचं सांग. मला तर पोरं खेळायला घेतच न्हाईत. पर मी म्हनले."

दुसरी एक मुलगी पुढे सरकली. "माझं बी बरोबर आलं व्हतं, बाई. मी तर लय थांबले व्हते."

मग सगळेच सांगू लागले. कोणी कोणती चूक केली, कोणाची चूक किती चांगली झाली. चॉकलेट तेच होते, फक्त उत्तरे बदलली होती. बाईंनी कोणालाही थांबवले नाही. प्रत्येकाचे शेवटपर्यंत ऐकून घेतले, प्रत्येकाला शाबासकी दिली, उरलेले पेढे वाटले. मग त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. वर्ग सुटला, मुले गेली, तरी त्या उठल्या नाहीत.

प्राचार्यांना कळले तेव्हा त्यांनी बाईंना समजावले. माणूस चांगला होता. "एवढ्यानं काय होतं, बाई? आधीच्या वर्षांची कार्डं तर खरी आहेत ना?"

"असतील. पण खरी कोणती अन् पाठ केलेली कोणती, हे मला आता वेगळं काढता येईना."

"कोण विचारायलंय? देऊन टाका अन् मोकळ्या व्हा. पुढची सगळी वर्षं याच्यावर आहेत तुमची."

"सर, मला माहीत नाही ते मी माहीत आहे म्हणून कसं लिहू?"

प्रबंध दिला गेला नाही. पुन्हा नव्याने काम करायला विद्यालय उरले नव्हते आणि मुदतही उरली नव्हती.

प्राचार्यांशी हे बोलणे झाले त्या दिवशी मी बाईंबरोबर स्टेशनवर गेलो होतो. गाडीला वेळ होता. सुनंदाचा आणि तिच्याबरोबरच्या छात्राध्यापिका मुलींचा मला राग आला होता आणि मी तो बोलून दाखवला. बाईंनी मला हाताने थांबवले.

"रागावू नका हो. उत्तर बरोबर आहे त्यांचं. प्रश्न कोणता, ते बघा. 'बाईंना काय आवडतं?' हा प्रश्न. मला वाटत होतं, मी त्यांना मुलांचं ऐकायला शिकवायलेय. अन् त्या माझा चेहरा वाचायला शिकल्या. चूक आली की मी किती खूश व्हायचे, ते त्यांनीच तर बघितलं ना!"

गाडी येते का, ते त्यांनी वाकून पाहिले.

"एक करा. मुलींना कळू देऊ नका. सुनंदाला तर मुळीच नाही. तिनं मला मदत केली, असंच राहू द्या तिच्या मनात. नाहीतर ती आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारायला भिईल."

बाईंचे समायोजन एका माध्यमिक शाळेत झाले. तेथे त्या निवृत्तीपर्यंत आठवी-नववीला बीजगणित शिकवीत राहिल्या. ती पाठकोरी कार्डे मुलांना कच्च्या कामासाठी वाटून टाकली, असे त्यांनी मला एकदा फोनवर सहज सांगितले. भावी शिक्षकांसमोर त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. विद्यालयाच्या इमारतीत आता स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. खाली मान घालून बसलेली मुले पर्यायांपैकी एकावर खूण करण्याचा सराव करतात. कोणी कोणाला 'हे कुठून आणलंस' असे विचारत नाही. गेल्या हिवाळ्यात सेलूहून फोन आला आणि बाई गेल्याचे कळले.

यंदा येलदरीच्या धरणाखालच्या एका गावी नातलगांकडे गेलो होतो. शाळेवरून जाताना कोणीतरी हाक मारली.

"सर! ओळखलं का? मी सुनंदा. दोन मार्कवाली!"

तिने मला आग्रहाने आत नेले, खुर्ची पुसून दिली. शाळा नीटनेटकी होती. मुले तिच्या पदराला लोंबकळत होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो बाईंचा.

"बाई कशा हायत, सर? पीएच.डी. तर कवाच झाली असंल. आम्ही लय मदत केली होती बाईंना."

बाई गेल्याचे मी सांगितले. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तशीच पाठमोरी तिने विचारले, "पण सर, आमच्या त्या कामाचा उपयोग झाला ना बाईंना?"

बाईंचा शब्द मला पाळायचा होता आणि खोटेही बोलायचे नव्हते.

"तुमचं उत्तर बरोबर आहे, असं बाई मला म्हणाल्या होत्या."

तिने पदराने डोळे टिपले आणि हसली. "बसा ना सर वर्गात थोडा वेळ. बाई बसायच्या तसं."

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तिने फळ्यावर एक वजाबाकी लिहिली आणि एका मुलीला बोलावले. मुलीने टाचा उंचावून, जीभ दातांत धरून, हळूहळू उत्तर लिहिले. ते चुकले होते, एवढे सुनंदाच्या चेहऱ्यावरून मला मागूनही कळले. सुनंदाने टेबलाकडे पाहिले. डस्टर नव्हते, मुलांनी कुठेतरी टाकले असावे.

"असू दे बाळा, गडबडीत होतं असं," ती अतिशय मायेने म्हणाली आणि तळहातानेच ते उत्तर पुसून टाकले.

फळ्यावर एक पांढुरका ढग उरला. त्याखालचा आकडा मला नीट वाचताही आला नव्हता. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मुलगी खाली मान घालून जागेवर परतली आणि खडूने भरलेला हात तिने फ्रॉकला पुसला.