गॅरेजमधलं आरमार

कप्तानाचा उभ्या आयुष्यात पाण्याशी संबंध काय, तर तो पाणीपुरवठा खात्यात कारकून होता आणि रोज आंघोळ करायचा. हे त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, तेही त्याच्यादेखत. तो नुसता हसायचा. टोमणा लागायला माणसाच्या अंगात थोडी लाज असावी लागते. ती खात्याने निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या किल्ल्यांबरोबर परत घेतली असावी, असं बाईंचं मत होतं.

बाई पडदे शिवायच्या. पुढच्या खोलीत मशीन, मागे कापडाचे गठ्ठे, दारात गिऱ्हाइकं. नवरा निवृत्त झाला तेव्हा त्यांना वाटलं, आता हा माणूस निदान पडद्यांना कड्या तरी लावून देईल. कसचं काय! न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत चाळलेल्या एका मासिकात त्याला लाकडी होडीचं चित्र दिसलं, आणि घरी येऊन चपला काढायच्या आधी त्याने जाहीर केलं, "मी होडी बांधणार."

"आधी न्हाणीघरातली खुंटी बसवा," बाई म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यापासून टॉवेल दाराच्या कडीला लोंबतोय."

खुंटी काही बसली नाही. गॅरेज मात्र रिकामं झालं आणि स्कूटर उन्हात आली. पहिल्या वर्षी होडीचं काहीच झालं नाही, झालं ते हत्यारांचं. रंधे, पटाश्या, करवती, लाकूड आवळून धरायचे शिकंजे, सगळं भिंतीवर लहानमोठं बघून टांगलं गेलं. रोज सकाळी धार लावणं सुरू. एक पटाशी तर लाकडाला न लागताच निम्मी झिजली. गल्लीने त्याला 'कप्तान' म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेने. त्याने ती पदवी मानाने घेतली आणि वर एक टोपी विकत आणली.

गुळाला मुंगळे लागतात तसे मग दोन दोस्त लागले. एक दातांचे डॉक्टर. यांची स्वतःची होडी दवाखान्यामागे वर्षानुवर्षं 'चालू' होती, म्हणजे मेलेल्या म्हशीच्या सांगाड्यासारख्या तिच्या फासळ्या तेवढ्या उभ्या होत्या. दुसरे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याकडे होडीही नव्हती आणि हत्यारंही, नुसती मतं होती. या तिघांना बाईंनी नाव ठेवलं होतं, आरमार.

आरमाराचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वादळ नव्हे, प्लायवूड. तळ्यापलीकडे राहणाऱ्या एका पोस्टमनने कापून तयार आलेलं प्लायवूड आणून, डिंकासारखं काहीतरी फासून, झटपट होडी बनवली होती.

"प्लायवूड!" हेडमास्तर ताटात माशी सापडल्यासारखं म्हणायचे.

"ती होडी नाहीच, खोकं आहे," कप्तान री ओढायचा.

"तो पोस्टमन दर रविवारी खोक्यात बसून पाण्यात असतो," बाई चहाचा ट्रे आदळत म्हणायच्या, "आणि तुम्ही दर रविवारी माझ्या चहात."

"वहिनी, लाकूड बोलतं," डॉक्टर डोळे मिटून सांगायचे. "ऐकणारा कान हवा."

"मग त्यालाच विचारा, साखर किती घालू."

तरीही होडी वाढत गेली, हे बाईंनाही नाकबूल करता येईना. कणा बसला, फासळ्या उभ्या राहिल्या. फळ्या वाकवायची वेळ आली तेव्हा कप्तानाने लांब लाकडी पेटी बनवली, तिला नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक बाईंच्या सगळ्यात मोठ्या कुकरला. वाफेवर फळी मऊ होते, मग गरम असेपर्यंत ती फासळ्यांवर दाबून आवळायची. पहिली फळी तिघांनी मिळून बाहेर काढली. डॉक्टरांनी हुकूम सोडले, कप्तानाने शिकंजा लावला, आणि हेडमास्तर दुसरं टोक धरून लाकडाच्या जातींवर बोलत राहिले. बोलताना हात ढिला पडला. फळी सुटली ती थेट त्यांच्या जबड्यावर. एवढ्या वर्षांत डॉक्टरांना गॅरेजमध्ये पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं. कुकरची शिट्टी मात्र कायमची गेली, आणि ती आठवडाभर बाई वाजवत राहिल्या.

शीड शिवायला कप्तान बाईंकडेच आला. त्यांनी आधी साफ नाही म्हटलं, मग गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून तीन वेळा उसवून शिवलं. "झालर लावू का?" असं वर विचारलं. कप्तानाने उपकाराची फेड म्हणून काय करावं? होडीच्या पुढच्या अंगाला, निळ्या रंगात, न विचारता बायकोचं नाव रंगवलं.

"पुसा ते," बाई म्हणाल्या.

"अगं, मानाचं असतं."

"कसला मान? उद्या बुडाली की अख्खं गाव म्हणणार, बाई बुडाली. गळली की म्हणणार, बाईला गळती लागली."

रंग वाळला होता. नाव तसंच राहिलं.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी तळ्याकाठी निम्मी गल्ली गोळा झाली. डॉक्टरांनी गळ्यात दुर्बीण अडकवली होती. हेडमास्तरांनी भाषण केलं, त्यात समुद्र बारा वेळा आला आणि तळं एकदाही नाही. मग चौघांनी ढकलून होडी पाण्यात घातली. ती सुरेख तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तेव्हा होडीत घोटाभर पाणी होतं. कप्तान टोपीने उपसायला लागला. तो एक टोपी बाहेर टाकायचा तेवढ्यात फळ्यांच्या सांध्यांतून दोन टोप्या आत यायच्या. कडा पाण्याला टेकल्या, आणि बाईंचं निळं नाव सगळ्यांच्या देखत हळूहळू पाण्याखाली गेलं.

काठावर कुणीतरी खिदळलं, मग सगळेच. "वहिनी, पोहता येतं ना?" एकाने ओरडून विचारलं. डॉक्टर दुर्बीण खिशात घालत शेजाऱ्याला म्हणाले, "सांध्यांबद्दल मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो." हेडमास्तरांना एकाएकी कुठेतरी जायचं आठवलं. कप्तान मांडीभर पाण्यात डोलकाठी धरून एकटाच उभा राहिला. तोंड पाडून नव्हे, कोरं करून. खात्यात साहेब झापायचा तेव्हा तो घरी हेच तोंड घेऊन यायचा.

बाईंनी चपला काढल्या आणि पाण्यात उतरल्या. वाटेत डॉक्टरांसमोर थांबून म्हणाल्या, "तुमच्या होडीला गळती लागणार नाही, डॉक्टर. तिला फळ्याच नाहीत."

मग नवऱ्याजवळ जाऊन दबक्या आवाजात, "आता काय?"

"लाकूड सुकलंय," तो म्हणाला. "गॅरेजमध्ये फार दिवस राहिली ना. भिजलं की फुगेल, सांधे आपोआप मिटतील. बुडूनच राहू द्यायची थोडे दिवस."

"हे आधी माहीत होतं?"

"वाचलं होतं."

"आणि मग गाव कशाला बोलावलंत? बुडालेली बघायला?"

"मला वाटलं, आपली नाही गळायची."

यावर बोलण्यासारखं इतकं होतं, की बाईंनी ते सगळं घरी जाईपर्यंत राखून ठेवलं.

पुढचे काही दिवस बाजारात जायची सोय राहिली नाही. भाजीवाला विचारायचा, "काय बाई, आल्या का वर?" कप्तान रोज सकाळी तळ्यावर जाऊन बुडालेल्या होडीकडे बघत बसायचा, आणि बाई मशीनवर बसून आरमाराचा उद्धार करायच्या. आठवड्याच्या शेवटी तो धावतच घरी आला. पाणी उपसलं होतं आणि होडी कोरडी राहिली होती. कधी नव्हे ते बाईंनी मशीन मध्येच थांबवलं.

या वेळी कुणाला बोलावलं नाही. वजन सारखं राहावं म्हणून बाईंनी एका बाजूला बसायचं, बाकी सगळं कप्तान बघणार, असं ठरलं. वारा बेताचा होता. शीड भरलं, होडी निघाली आणि एका अंगाला कलली. होडी म्हटलं की कलायचीच, त्यात काय! पण कप्तानाचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने शिडाचा दोर सोडला, सुकाणू सोडलं आणि दोन्ही हातांनी कड धरली.

"अहो, काय करताय?"

"बुडतोय आपण."

"कुठे बुडतोय? कललीय नुसती!"

"मला उतरायचंय."

"उतरा की. बसस्टॉप आलाच."

तो वाकला आणि सकाळचा चहा तळ्याला अर्पण केला. शीड फडफडायला लागलं. आपण शिवलेलं कापड असं चिंधीसारखं फडफडताना बाईंना बघवेना. नवऱ्याच्या हातून पोळपाट ओढून घ्यावा तसा त्यांनी दोर ओढून घेतला आणि खेचला. शीड टच्च भरलं. होडीने अशी उडी घेतली, की बाईंच्या तोंडून अचानक एक किंकाळी निघाली, आणि ती भीतीची नव्हती. वळायचं कसं, थांबायचं कसं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. होडी सरळ जाऊन पलीकडच्या लव्हाळ्यात घुसली आणि अडकली. तिथे तो पोस्टमन आपल्या खोक्याला रंग देत होता. त्याने दोघांना बाहेर ओढलं.

कप्तान चिखलात बसला. "मला नाही जमायचं गं," तो म्हणाला. "मला भीती वाटते. पाण्याची. लहानपणापासून."

"मग होडी कशाला बांधलीत, मेहेरबान?"

"बांधायला आवडते म्हणून."

एवढं साधं कारण! इतकी वर्षं गॅरेजमध्ये वादळं, समुद्र आणि दिशांच्या गप्पा हाणल्या, त्यापेक्षा हे एक वाक्य आधी बोलला असता तर बाईंनी चहा तरी बरा केला असता. असं त्या त्याला म्हणाल्याही. मग चिखलातून उठल्या आणि पोस्टमनला म्हणाल्या, "वळायचं कसं ते दाखवा. आत्ताच."

तेव्हापासून वारा असेल त्या सकाळी पुढच्या खोलीचं दार बंद असतं. बाई पोहायला शिकल्या, वळायला शिकल्या, आणि आरमाराने आयुष्यभर न दिलेल्या शिव्या वाऱ्याला द्यायलाही शिकल्या. कप्तान होडी ढकलून देतो, काठावर बसतो आणि परत आल्यावर ओढून घेतो. त्याने दुसरी होडी बांधायला घेतली आहे. बाई गॅरेजच्या दारात उभ्या राहून सांगतात, "या वेळी बूड रुंद ठेवा. आणि रंगाचा डबा माझ्याकडे द्या."

मध्यंतरी डॉक्टर तळ्यावर आले होते. होडीत एक जागा रिकामी दिसली तशी पँट वर दुमडत म्हणाले, "वहिनी, मीही येतो. दिशा सांगायला कुणीतरी लागेलच."

"काठावरून सांगा," बाई म्हणाल्या आणि शीड खेचलं. "आवाज आला नाही, की वारा चांगला आहे असं समजेन."