नऊ कोटींवरची सही

माझा काका एकतीस वर्षं सिनेमांचे हिशेब लिहीत होता, पण त्यानं एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. मध्यंतरालाच उठायचा. "एवढा पाऊस पाडलाय म्हणजे चार टँकर लागले. ते कळलं. आता खुनी कोण हे कळून मी काय करू?" असं म्हणायचा. काकूनं त्याच्याबरोबर सिनेमाला जाणं लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात सोडून दिलं.

सेटवर त्याला सगळे पावतीकाका म्हणत. पावतीशिवाय तो कुणाच्या हातावर दमडी ठेवत नसे. एकदा नायकाच्या कुत्र्यासाठी आणलेल्या बिस्किटांवरून त्यानं खुद्द नायकाला अर्धा तास उभं केलं होतं. लोक वैतागायचे, चिडवायचे, पण त्याच्या वहीत लिहिलेल्या आकड्यावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचं त्याचं ऑफिस होतं, तिथं आठ वर्षं मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसत होते. रबराच्या वासानं डोकं उठायचं. मी त्याची सख्खी पुतणी असूनही माझ्या चहाचीसुद्धा पावती लागायची, हे वेगळं सांगायला नकोच.

मग तो थ्रिलर आला. सिनेमा ना लहान, ना मोठा. एक खून, एक पाठलाग, एक पडकी गिरणी आणि शेवटी एक स्फोट. निर्मात्याकडे पैसे कमी होते, म्हणून त्यानं एक करार पुढे केला. चौसष्ट जणांनी अर्ध्या मानधनात काम करायचं आणि सिनेमानं खर्च वसूल केला की उरलेलं अर्धं घ्यायचं. असल्या करारांवर एरवी कुणी थुंकतही नाही. पण मेकअपवाल्या ताई पेन उघडत म्हणाल्या, "हिशेब पावतीकाका ठेवणार ना? मग मी वाचतही नाही." त्यांच्यामागे लाइटवाल्यांच्या मुकादमानं सही केली आणि मग रांगच लागली.

काकानं तो सिनेमा चार कोटी बारा लाखांत बसवला. त्यात लोकांचं राहिलेलं अर्धं मानधनही धरलेलं होतं. पाठलागातल्या चार गाड्या रंग बदलून तीनदा वापरल्या. जी उडवली ती भंगारातून आणली होती, इंजिनाशिवाय.

प्रदर्शनाच्या महिनाभर आधी निर्मात्यानं काकाला बोलावून घेतलं. "चार कोटींचा थ्रिलर म्हटलं तर थिएटरवाले दुपारचा एक शो देतील. आपण नऊ सांगू."

"नऊ कुठून आले?" काकानं विचारलं.

"वाटेल तिथून आणा हो. पेपरवाल्यांना आकडा हवा असतो, वही नको असते."

दुसऱ्या कुणी मान डोलावली असती आणि गोष्ट तोंडी राहिली असती. आमच्या काकाला ते जमेना. ज्याच्याखाली काही लिहिलेलं नाही असा आकडा त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. तीन दिवस बसून त्यानं नऊ कोटींचा तपशील तयार केला. चारच्या चौदा गाड्या झाल्या, बाहेरून आलेली साहसदृश्यांची तुकडी झाली, तिचं हॉटेल झालं, दोन दिवसांचं हेलिकॉप्टर झालं. हेलिकॉप्टरच्या इंधनाचा भाव त्यानं फोन करून विचारून घेतला.

"काका, हे सगळं खोटं आहे ना?" मी म्हटलं.

"खोटं आहे म्हणून काय झालं? बेरीज तरी बरोबर नको?"

मी हसले. हसत हसत त्या कागदांना पिना मारल्या आणि ते निर्मात्याकडे पाठवले. प्रत्येक पानाखाली त्यानं सवयीनं सही ठोकली होती. तीही मी पाहिली आणि गप्प बसले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सिनेमा लागला. पहिल्या शुक्रवारी खुर्च्या रिकाम्या. रविवारी निम्म्या भरल्या. दुसऱ्या आठवड्यात एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं घरच्यांना नेलं आणि आकडे चढायला लागले. काका रोज रात्री थिएटरच्या मॅनेजरांना फोन लावून गल्ला लिहून घ्यायचा. सहाव्या आठवड्यात सिनेमा उतरला तेव्हा बारा कोटींची तिकिटं खपली होती. कर आणि थिएटरचा वाटा वजा जाता निर्मात्याच्या खात्यात पाच कोटी चाळीस लाख पडले. काकानं रेघ मारली आणि खाली लिहिलं: नफा, एक कोटी अठ्ठावीस लाख. मग त्यानं स्वतः ताईंना आणि मुकादमाला फोन करून सांगितलं, "तुमचे पैसे निघाले." मुकादमानं त्याच दिवशी घराच्या गळक्या छपरासाठी पत्रे सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक बातमी आली, नऊ कोटींचा थ्रिलर आपटला.

"आपटला? कोण आपटला?" काका तीनदा म्हणाला. मग त्यानं लाल पेन्सिल घेतली आणि बातमीतले आकडे तपासायला बसला. वसुली बरोबर होती. चूक फक्त नऊमध्ये होती आणि ते नऊ त्याचेच होते. त्याचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

चार दिवसांनी सगळ्यांना निर्मात्याचं पत्र आलं. खर्च नऊ कोटी, वसुली पाच कोटी चाळीस लाख, सबब उरलेलं मानधन देय नाही. सोबत काकाच्या सहीच्या कागदांची प्रत. मी मारलेल्या पिनांच्या खुणासुद्धा त्या प्रतीत उमटल्या होत्या.

आम्ही दोघं तडक निर्मात्याकडे गेलो.

"तुम्हीच सांगितलं होतं नऊ म्हणा!" काका दारातूनच ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा.

निर्माता शांतपणे म्हणाला, "मी फक्त आकडा सांगितला होता. हेलिकॉप्टर तुमचं आहे."

काका खुर्चीचा हात धरून उभा राहिला. मी त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

प्रकरण सिनेमातल्या कामगारांच्या संघटनेकडे गेलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी काकाला म्हटलं, "खरी वही पाठवून दे आणि तू घरी बस. बोलूच नकोस." तो म्हणाला, "नुसती वही पाठवली तर माझ्याच सहीचे दोन हिशेब होतील. त्यातला खोटा कुठला हे माझ्याशिवाय कोण सांगणार?" त्याचं काय होईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं.

सभागृहात तो उभा राहिला आणि खोटे कागद ओळीओळीनं वाचू लागला. चौदा गाड्या नव्हत्या, चार होत्या, या पावत्या. तुकडी नव्हती. हॉटेल नव्हतं. हेलिकॉप्टरला लोक हसले. तो हसला नाही. अडीच तास त्यानं स्वतःचीच अब्रू एकेक ओळ करून खोडली. शेवटी निर्मात्याच्या वकिलानं आपली फाइल मिटली. पंधरा दिवसांत सगळ्यांचं मानधन चुकतं करायचं, नाहीतर पुढच्या सिनेमाला एकही माणूस मिळणार नाही, असं ठरलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई काकाच्या गळ्यात पडून रडल्या.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. "आता दुसरा विषय. खोट्या हिशेबावर सही करणाऱ्या सभासदाचं सभासदत्व रद्द करण्याचा आपला नियम आहे. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." सभासदत्व गेलं की या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही.

कुणीच हललं नाही. मग मुकादम उठला. "काका, माफ करा. पण तुमच्या शब्दावर मी पत्रे सांगितले होते आणि तुमच्याच सहीनं पैसे अडकले. उद्या दुसरा कुणी असाच करेल आणि तो कबूल करायला येणार नाही." त्यानं हात वर केला. त्याच्यामागे एकेक करून हात वर जाऊ लागले. ताईंनी डोळे पुसले आणि त्याच हातातला रुमाल वर गेला. अडीच तासांपूर्वी यांच्यातल्या एकालाही पैसे मिळणार नव्हते.

"वर कर," काका माझ्याकडे न बघता पुटपुटला. "तूही सभासद आहेस आणि कागद तुझ्या टेबलावरून गेलेत. आज तू हात खाली ठेवलास तर उद्या तुझ्यावर येईल."

"मी नाही करणार."

"तुला अजून पंचवीस वर्षं काम करायचंय. वर कर म्हणतो ना!"

मी हात वर केला. खांद्याच्या वर जाईना, पण केला.

अध्यक्षांनी बोटानं मोजत शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली. "एकसष्ट," ते म्हणाले आणि लिहायला वाकले.

काकानं मागे वळून सगळ्या रांगा एकदा पाहिल्या.

"बासष्ट," तो म्हणाला. "माझ्या पुतणीचा राहिला."