पडीत वावरातली आग

मी लग्न होऊन देऊळघाटजवळच्या गावी आले तेव्हा सोळा वर्षांची होते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांच्या धाकट्या भावाचं वावर गावाबाहेर नाल्याला लागून होतं. भाऊ तापानं गेला आणि त्याच्या विधवेनं, म्हणजे आमच्या काकीनं, त्या जमिनीत नांगर घालू दिला नाही. त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. पटवारी यायचा, कागदावर ‘पडीत’ लिहून जायचा.

पण तिथं काहीच पडून नव्हतं. काकीनं ते सगळं वर्षावर्षानं पाहिलं होतं. पहिल्या पावसाळ्यात नुसतं तण, तरोटा आणि कुंदा. मग कंबरेएवढं कुसळी गवत. गवतात तरवडाची झुडपं आणि बोरी उठल्या. बोरीवर पाखरं बसली आणि त्यांच्या विष्ठेतून आणखी बिया पडल्या. नाल्याकडे ओल होती, तिथं बाभळी आणि पळस झपाट्यानं वाढले. मी आले तोवर तिकडे दाट सावली झाली होती. रस्त्याकडे मात्र अजून गवतच होतं. काकी रोज डिंक, बोरं गोळा करायला आत जायची.

झाडी वाढली तसे ससे आले, मग रानडुकरं. त्या वर्षी बिबट्यानं आमचं वासरू नेलं. मामाजी म्हणाले, “पुरे झालं. जाळून टाकतो.” काकी ओसरीवर बोरं निवडत होती, ती निवडतच राहिली.

होळी होऊन आठवडा झाला होता. मी मामाजींची भाकरी घेऊन बांधावर पोचले तर रस्त्याच्या बाजूनं धूर निघत होता. कडेला एक म्हातारे चाचा तरवडाची साल सोलत होते. त्या सालीनं ते कातडी कमावायचे. ते मला पाहताच उठले.

“बहू, तुमची काकी कुठं हाये?”

“घरी असन.”

“नाही ना! सकाळी आत जाताना पाह्यली म्या. बाहेर आलीच नाही!”

वारा रस्त्याकडूनच सुटला होता. चाचा मामाजींना थांबवायला धावले. मी टोपली टाकली आणि आत शिरले.

गवत तोंडाला लागत होतं. बोरीच्या काट्यांत लुगडं अडकलं, ते ओढून फाडलं. “काकी! ओ काकी!” मागे गवत तडतडत होतं, कान भाजतील असा वारा येत होता. एक डुकरीण पिलं घेऊन आडवी गेली. मग तरवडातून बिबट्या निघाला, माझ्यापासून चार हातांवर. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तो नाल्याकडे निघून गेला. मीही त्याच वाटेनं धावले.

बाभळीखाली काकी उभी होती, ओच्यात डिंक धरून.

मी तिचा हात ओढला. “पळा! आग येऊन राह्यली!”

“पळून कुठं जातं? नाल्यात आता तो बिबट्या बसला असन, म्या पाह्यला जाताना.” तिनं मला खाली बसवलं. “जमीन पाह्य. एक काडी गवत दिसते का? सावलीनं सारं मारलं. आगीले खायाले काय भेटन इथं?”

माझा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. बोरी पेटल्या. ज्वाळा बाभळींच्या पहिल्या रांगेपर्यंत आल्या, शेंड्यांची पानं करपली, धुरानं श्वास कोंडला. काकीनं माझं तोंड पदरानं दाबून धरलं. खाली पडलेल्या पाल्यातून आग पुढं सरकायची आणि विझायची. असं किती वेळ चाललं, सांगता येत नाही.

मग राखेतून मामाजी आले. पायांत वहाणा नव्हत्या, तळवे भाजले होते. आम्हाला पाहून ते मटकन खाली बसले.

“बाई, मले सांगायचं तरी...”

“तुम्ही इचारलं काय कोणाले?” काकी म्हणाली.

पावसाळ्यात त्या राखेवर पुन्हा तरोटाच उगवला. मामाजींनी तो उपटून ज्वारी पेरली, तीही काकीला विचारून. नाल्याकडच्या झाडांना मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. वासराचं दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिलं, आणि बिबट्याच्या भीतीनं मी नंतर एकटी कधी तिकडे गेले नाही. काकी जात राहिली.