माझ्या आजारपणाची माळ

मी आता फार दिवसांची सोबती नाही, ही बातमी मला माझ्या जावेच्या घरी गुडघ्यांवर बसलेली असताना कळली.

ऑक्टोबर म्हणजे आमच्या वसईतल्या ख्रिस्ती गावांत माळेचा महिना. मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. आळीतली माणसं तिच्यामागून जातात, रोझरी म्हणतात, शेवटी चणे नाहीतर केकचा तुकडा खाऊन आपापल्या घरी परततात. माळ सुरू करण्याआधी ज्याचं घर तो हेतू सांगतो. अमक्याच्या नोकरीसाठी, तमकीच्या बाळंतपणासाठी. त्या दिवशी जावेने डोळे मिटले आणि म्हणाली, "आजची माळ आपल्या घरातल्या एका बहिणीच्या मोठ्या दुखण्यासाठी. मरियामाते, तिला सोसायचं बळ दे. आणि तिला न्यायचंच असेल तर..." पुढे तिला रडू फुटलं.

कोण बाई ही बिचारी, म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. माझा नवरा मान खाली घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

आमच्या गावात कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नाही. मोठं दुखणं म्हणतात. ते मला झालंय हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं, फक्त मलाच नव्हतं!

आता खरं काय ते सांगते. माझी पाळी गेली होती, बस्स. एक्कावन्न वर्षांची बाई मी, पाचवीच्या वर्गाला गणित शिकवते. फळ्यावर अपूर्णांक लिहिता लिहिता छातीतून एक वाफ उठायची ती थेट टाळूपर्यंत. मानेवरून घामाचे ओघळ, ब्लाउज पाठीला चिकटलेला, समोर पन्नास पोरं, आणि छेद कुठला नि अंश कुठला ते मलाच आठवेना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठलं की सगळ्या जगाला धरून बडवावंसं वाटायचं. घरी सांगितलं तर नवरा म्हणे, "चिडचिड करायची तुला सवयच आहे, आता नाव मिळालं एवढंच." जावेला सांगितलं तर ती म्हणे, "आपल्या आयांनी काय एसी लावले होते का ग? बाईच्या जातीला हे असायचंच." पुढे कोणाला सांगणार? मी सांगणंच सोडून दिलं.

मग शाळेतल्या एका मैत्रिणीने पूर्वेकडच्या, एव्हरशाईनच्या बाजूच्या एका हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तिथे माझ्यासारख्या बायकांचा अभ्यास चालला होता. पाळी गेल्यावरचा त्रास कशाने कमी होतो, बाईचं रोजचं जगणं कशाने सुधारतं, असा. अर्ध्या बायकांना औषधाची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाला कुठली ते आम्हाला सांगत नाहीत, आणि आम्हाला तपासणाऱ्यांनाही सांगत नाहीत. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, मग घेतलं. तिथली मुलगी दर महिन्याला फोन करून विचारायची, झोप कशी, घाम किती, घरात कसं चाललंय. खरं सांगू? त्या फोनसाठीच मी गेले होते. गोळी पोकळ निघाली असती तरी चाललं असतं, कोणीतरी विचारत तर होतं.

आणि तिथेच सगळा घोळ झाला. त्या अभ्यासाची खोली नेमकी कॅन्सरच्या ओपीडीशेजारी. बाहेरचं बाकडं दोन्हींना मिळून एकच. गावातल्या एका बाईच्या नवऱ्याचं तिथे केमो चालू होतं, तिने मला त्या बाकड्यावर बसलेली पाहिलं. मी हसले, ती हसली नाही. त्याच आठवड्यात मी मानेवरच्या घामाला कंटाळून केस पार बारीक कापून आले. झालं! दोन आणि दोन चार करायला आमच्या गावाला गणिताची बाई लागत नाही.

त्या संध्याकाळी जावेच्या घरून निघालो तसं मी रस्त्यातच नवऱ्याला धरलं. म्हटलं, "हे काय चाललंय? मला कॅन्सर-बिन्सर काही नाहीये."

"हो," तो म्हणाला. "नाहीये. आपण म्हणायचंच नाही."

"अरे म्हणायचं नाही काय? नाहीच आहे! पाळी गेल्याच्या त्रासासाठी जाते मी तिथे."

तो थांबला. त्याचे डोळे भरले होते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्याच्या बापाच्या मयतीशिवाय मी ते भरलेले पाहिले नव्हते. म्हणाला, "त्यासाठी कोणी हॉस्पिटलात जातं का ग?"

खरंच आमच्यात त्यासाठी कोणी हॉस्पिटलात जात नाही. म्हणून मी ज्यासाठी गेले ते दुसरंच काही असणार, हा त्याचा हिशेब. जावेला सांगायला गेले तर तिने मला मिठी मारली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "किती धीराची ग तू!" मी जितकं नाही म्हणेन तितकी मी शूर ठरत होते. कपाळ माझं!

आणि मग लाड सुरू झाले. सकाळचा चहा मला अंथरुणात. ज्या माणसाने जन्मात मासळीला हात लावला नाही तो माणूस यूट्यूबवर बघून बांगडे साफ करायला लागला. निम्मं मांस डोक्याबरोबर टाकून द्यायचा, पण करायचा. रात्री एसी अठरावर, स्वतः दोन चादरी घेऊन कुडकुडत झोपायचा. मी ओरडले तर उलट बोलायचा नाही. जावेकडून रोज सुपाचा डबा. शेजारच्या वाडीतून शहाळी. शाळेतही बातमी पोचली होती, माझा शेवटचा तास दुसऱ्या टीचरने न विचारता घेतला. मी झोपायला लागले. नीट, सलग. घाम येतच होता, पण आला की चार माणसं वारा घालायला धावायची, आणि मग तो तितका काही वाटायचा नाही.

मला राग यायचा, बरं का. सुपाचा घोट घेता घेता यायचा. हेच सूप मी एप्रिल-मेमध्ये याच बाईच्या दारात रडत होते तेव्हा कुठे होतं? हे बांगडे तेव्हा कोण साफ करत होतं? पण डबा मी परत पाठवला नाही. एवढी माया मला आयुष्यात कोणी केली नव्हती आणि मला ती सोडवत नव्हती. फक्त ती ज्या बाईवर चालली होती ती मी नव्हते. ती कोणी दुसरी, मरायला टेकलेली. मला ती माया माझ्या स्वतःच्या त्रासासाठी हवी होती. खरं सांगून पटवलं तर माया जाणार, गप्प बसलं तर ही माणसं रोज माझ्या नावाने रडणार. माझ्याच घरात माझा जीव कोंडला होता.

तेवढ्यात हॉस्पिटलातल्या त्या मुलीचा फोन आला.

"टीचर, झोप कशी आहे?"

"चांगली आहे."

"अरे वा! मूड? घरात सपोर्ट वगैरे?"

"भरपूर," मी म्हटलं. स्वयंपाकघरातून नवरा विचारत होता, हळद आधी की मीठ?

"मस्तच की! मागच्या वेळी तुम्ही फोनवर रडला होता, आठवतंय ना? गोळी सूट होतेय वाटतं. म्हणजे मला माहीत नसतं हां कुठली गोळी ते, प्रॉमिस."

ती फारच खूश झाली होती. तिला काय सांगू? पोरी, गोळीचं मला ठाऊक नाही, पण मी मरणार आहे असं घरच्यांना वाटल्यापासून माझी तब्येत झकास आहे, हे तुझ्या अभ्यासात कुठे घालशील?

महिनाअखेरीस मूर्ती आमच्या घरी आली. बैठकीच्या खोलीत माणसं मावत नव्हती, काही ओटीवर बसली होती. घर आमचं, म्हणून हेतू नवऱ्याने सांगायचा. त्याने माळ हातात घेतली, "माझ्या बायकोच्या..." एवढं म्हणाला आणि त्याचा आवाजच फुटेना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडला. पन्नाशी उलटलेला तो धटिंगण माणूस सगळ्यांसमोर लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला.

मला ते बघवेना. सूप गेलं खड्ड्यात. मी उठले, मोबाईल घेतला, त्या मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"टीचर? काय झालं?"

"मला कॅन्सर आहे का ते मोठ्याने सांग."

"काय? नाही हो! तसलं काही असतं तर आम्ही तुम्हाला अभ्यासात घेतलंच नसतं. तुमचं सगळं नॉर्मल आहे. मेनोपॉज आहे फक्त."

"मराठीत सांग."

"पाळी गेलीये तुमची, टीचर," पोरगी घाबरून म्हणाली. ओटीवरचे म्हातारे एकदम मरियामातेकडे टक लावून बघायला लागले.

मग मीही बोलले. लाज बाजूला ठेवली. वाफा कशा येतात, झोप कशी उडते, वर्गात उभ्याउभ्या कसं विसरायला होतं, कधी कधी विहिरीजवळून जाताना कसले विचार येतात, सगळं. कॅन्सर नाही पण हे आहे, आणि हे मी एकटीने काढतेय, असं त्या भरल्या खोलीत मी रडत सांगितलं.

मग जाऊ उठली आणि तिने दोन्ही हात वर केले. "म्हणजे काही नाहीये! रिपोर्ट क्लिअर! मरियामातेने ऐकलं!"

खोलीभर आनंदीआनंद. बायका मला मिठ्या मारायला लागल्या, कोणीतरी गाणं धरलं, रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीची मिस्सा ठेवायचं तिथल्या तिथे ठरलं. मी म्हणत होते, "अहो, मी आत्ता काय सांगितलं?" पण केक कापला गेला होता. निघताना जावेने फ्रिजशेजारचा तिचा डबा उचलला. "उद्यापासून नको ना ग आता?" तिने प्रेमानेच विचारलं.

सगळे गेल्यावर नवऱ्याने सोफ्यावर अंग टाकलं आणि टीव्ही लावला. चेहरा असा फुललेला की लग्नातसुद्धा नव्हता. म्हणाला, "मस्त चहा टाक."

आणि नेमकी वाफ उठली. छातीतून, मानेवर, कानांत. मी जवळची खुर्ची धरून बसले.

"आता काय झालं?" तो म्हणाला. "काही नाहीये ना तुला. आत्ताच ऐकलं सगळ्यांनी."

"हेच ते. हेच सांगत होते मघाशी. इकडे ये, ही उतरेपर्यंत माझ्याजवळ बस."

तो आला. बसला. हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, डोळे मॅचवर. माझ्या हनुवटीवरून घाम टपकत होता, तो त्याच्या मनगटावर पडला तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.

"किती वेळ चालतं हे?"

"ही जाईल आता. मग दुसरी येईल. काही बायकांचं वर्षानुवर्षं चालतं."

त्याने थोडा विचार केला. मग माझा गुडघा थोपटला, अगदी मनापासून, आणि म्हणाला, "चालेल ग. निदान तू मला सोडून कुठे जाणार तर नाहीस."

"नाही," मी म्हटलं. "मी कुठे जाणार?"