गुडघा दाखवायला केळव्याला

मला खोटं बोलायला जमत नाही, म्हणून मी आयुष्यभर गप्प बसलो. लोक त्याला साधेपणा समजले आणि मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. पण वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी खोटं बोलायला लागलो, बायकोलाही त्यात ओढलं, आणि आम्हां दोघांना त्याची अशी काही चटक लागली की काय सांगू! आता सगळं सांगूनच टाकतो.

शहापूरला तालुक्याच्या एका कचेरीत मी लिपिक आहे. निवृत्तीला एक वर्ष उरलंय. आमचं गाव शेणव्याच्या पुढं, आडरस्त्याला. तिथं माझा थोरला भाऊ, वहिनी आणि आमची भाताची खाचरं. वडील लवकर गेले. दादानं शाळा सोडून नांगर धरला, म्हणून मी शाळेत राहिलो. नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांचा. एसटीत चढता चढता मी त्याला म्हणालो, "दादा, रिटायर झालो की येतो. मग राब मी भाजीन, तू नुसता बस."

राब म्हणजे भाताच्या रोपांची जागा. पावसाळ्याच्या आधी तिच्यावर तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, पाचोळा, शेण आणि वरून माती असे थर द्यायचे आणि जमीन भाजून काढायची. माझं ते बोलणं एसटीच्या दारातलं होतं. दादानं मात्र ते मनात धरलं. तेव्हापासून दर वर्षी तो सगळा राब भाजतो आणि एक कोपरा माझ्यासाठी ठेवतो. मी जाऊन तो पेटवायचा. पस्तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. पुढं त्यानं स्वतःच्या घराशेजारी माझ्यासाठी जोतंही बांधून घेतलं. त्यावर घर नाही, भिंत नाही, पण वहिनी दर दिवाळीला ते सारवते आणि पायरीपाशी रांगोळी काढते.

आणि मी? मी केळव्याच्या प्रेमात पडलो.

दोन वर्षांपूर्वी कचेरीतल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही केळव्याला गेलो होतो. जेवण झाल्यावर सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर आलो. बायको मुरबाडकडची, डोंगराच्या पायथ्याची. पाणी म्हणजे विहीर, नदी आणि फार तर तानसा तलाव, एवढंच तिला ठाऊक. तिनं चपला काढल्या, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, इथंच राहिलो तर?"

मी म्हणालो, "हं."

परतीच्या एसटीत वाड्यापर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही. वाड्याच्या स्टँडवर ती एकदम हसली, मग मी हसलो, आणि शेंगदाणेवाला आमच्याकडे बघायला लागला.

त्यानंतर आमचे शनिवार सुरू झाले. शहापूरहून वाडा, वाड्याहून पालघर, तिथून केळवे. पानमळ्याच्या मागं आम्हांला भाड्यानं द्यायचं एक घर सापडलं: दोन खोल्या, विहीर आणि ओटीवर झोपाळा. मालक शेजारीच राहायचे, एकटे, कमी बोलणारे. आम्ही गेलो की किल्ली द्यायचे आणि निघताना एवढंच विचारायचे, "ठरलं का?" आम्ही म्हणायचो, "विचार करतोय." विचार कसला? झोपाळ्यावर बसून तुळस कुठं ठेवायची यावर भांडायचो. एकदा लाटेनं माझी एक चप्पल नेली, तर हिनं दुसरीही समुद्रात फेकली. "एकटी काय करणार ती इथं?" मी शहापूरच्या स्टँडवर अनवाणी उतरलो आणि ओळखीच्या माणसांना नमस्कार करत घरी गेलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. तिला हे मी सांगितलंय. ती म्हणाली, "मलाही नव्हता."

पण शनिवारी सकाळी दादाचा फोन यायचा. "येतोस का रे?"

पहिल्या वेळी जे सुचलं ते बोललो. "नाही दादा, हिचा गुडघा दाखवायला चाललोय. पालघरकडे एक डॉक्टर आहेत."

सोमवारी वहिनी दारात. हातात निरगुडीच्या पाल्याची पिशवी. ओहोळाच्या काठानं हिंडून तिनं तो आणला होता आणि दोन गाड्या बदलून ती आली होती. पाला गरम करून तिनं हिच्या गुडघ्याला बांधला, वर फडकं गुंडाळलं. ही डोळे मिटून पडली होती आणि तिचे ओठ थरथरत होते. वहिनीला वाटलं, दुखतंय. मी आत जाऊन कपाटात तोंड घातलं.

मग प्रत्येक केळव्यामागून निरगुडी येऊ लागली. एकदा वहिनीनं बांधता बांधता विचारलं, "गेल्या टायमाला डावा होता ना गो?"

ही म्हणाली, "आता दोन्ही दुखतात."

पुढच्या वेळी पिशवी दुप्पट भरून आली.

हसायचो खरं, पण झोपताना मला त्या जोत्यावरची रांगोळी आठवायची. दादाला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तो "जा" म्हणाला असता, एवढा तो चांगला. आणि त्याच्या त्या चांगुलपणालाच मी घाबरत होतो.

यंदा राबाच्या आधीच्या शनिवारी केळव्याचे मालक नेहमीपेक्षा जास्त बोलले. "दुसरं एक कुटुंब बघून गेलंय. पुढच्या रविवारपर्यंत सांगा, नाहीतर मी त्यांना हो म्हणतो." परतताना ही म्हणाली, "राबाला जातोच आहोत. सांगा या वेळी. नाहीतर मी सांगेन."

"तू दादासमोर बोलशील?" मी विचारलं. दादा दिसला की ही पदर सावरून स्वयंपाकघरात जाते. एवढ्या वर्षांत त्याच्याशी दहा वाक्यं बोलली नसेल.



राब सकाळी, वारा उठायच्या आत भाजतात. आम्ही चौघं शेतावर पोचलो. दादाचा भाग झाला, धूर खाली बसला. मग दादानं माझ्या हातात पेटती काडी दिली. "घे, तुजा कोपरा. वाऱ्याच्या समोरून लाव."

राब वाऱ्याच्या विरुद्ध पेटवायचा असतो. मग आग हळूहळू चालते आणि माती नीट भाजते. हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. पण नेमकी तेव्हाच गार वाऱ्याची झुळूक पाठीवर आली, आणि मला काय आठवलं असेल ते तुम्हांला कळलंच असेल. मी डोळे मिटून ती झुळूक घेतली आणि वाऱ्याकडे पाठ करून काडी लावली.

आग चालली नाही, पळाली. टहाळावरून सुक्या गवतात आणि तिथून थेट पेंढ्याच्या उडवीकडं.

"अरे, काय केलंस रं!" दादा ओरडला.

मी जागेवरच उभा राहिलो. आणि इथं जे सांगायचंय ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या क्षणी मला थोडंसं बरं वाटलं. वाटलं, जळू दे. दादा चिडेल, मला शिव्या घालेल, आणि मग जाणं सोपं होईल.

तेवढ्यात माझ्या बाजूनं काहीतरी सुसाट गेलं. माझी बायको! साडीचा काष्टा खोचलेला, पदर कमरेला, हातात हिरवा टहाळा. तिनं एक बांध ओलांडला, दुसरा उडी मारून ओलांडला आणि दादाच्या पुढं जाऊन आगीवर टहाळा मारू लागली. "अहो भावजी, त्या बाजूनं मारा! तिकडून!" असं ती चक्क दादाला ओरडली. भावजी! थोरल्या दिराला! दादानं मुकाट्यानं त्या बाजूनं मारलं. वहिनीनं कळशी ओतली. मग मीही धावलो.

उडवीची एक कड काळी झाली, तेवढंच. आम्ही चौघं धापा टाकत उभे राहिलो, तोंडाला राख फासलेली. मग वहिनीनं हिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गुडघे बरे झाले म्हनायचे गो."

 मग मीच बोललो. एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. केळवे, पानमळा, झोपाळा, चप्पल, डावा गुडघा, उजवा गुडघा, रविवारची मुदत. शेवटी म्हणालो, "दादा, मी इकडं येत नाही. मला तिकडं राहायचंय."

दादानं राखेत थुंकी टाकली. "तिकडं शेती हाय?"

"नाही."

"मग करनार काय दिवसभर?"

"बसणार."

"बसनार!" त्यानं वहिनीकडं बघितलं. "बसनार म्हनतोय!" त्याचा आवाज हसल्यासारखा होता, पण तो हसत नव्हता. तो बांधावर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसला. तसाच बसून म्हणाला, "जायचं तर जा. पन ती ओहोळावर किती खेपा गेली म्हायती हाय तुला? काटे काडलेत मी तिच्या पायातले."

तिथं मात्र माझं हसू संपलं. मी वहिनीच्या पाया पडायला वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले.

"पाया नका पडू भावजी. माज्या पायांना ते पानी दाखवा. आमी काय फक्त पालाच वाहायचा?"

रविवारी गावातली एक गाडी ठरवून आम्ही चौघं केळव्याला गेलो. दादा कुठंही निघाला की बगलेत रिकामी गोणी घेतो, तशी त्या दिवशीही घेतली होती. वहिनी सरळ पाण्यात गेली, गुडघ्यापर्यंत. लाट आली की ती किंचाळायची आणि हिच्या गळ्यात पडायची. दादानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाला, "भाताच्या कामाचं नाय." मग तो सुरूच्या बनात गेला. खाली वाळलेल्या काड्यांचा जाड थर पडला होता. त्यानं मूठभर उचलून हातात चुरगाळला, वास घेतला, माचीस काढून दोन काड्या पेटवून बघितल्या. मग गोणी उघडली आणि भरायला लागला.

"हे चांगलं जळंल रे," तो मला म्हणाला. "टहाळाला रानात फिरायला नको. दर साली आनत जा."

मी पण वाकलो आणि भरायला लागलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसू नये म्हणून फारच वाकलो.

घराकडं आलो तेव्हा दोघी जावा आधीच झोपाळ्यावर बसल्या होत्या, ओल्या साड्यांनी, आणि पायांनी रेटून झोका छतापर्यंत नेत होत्या.

"कड्या जुन्या आहेत हो!" मालक कळवळून म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "ठरलं का?"

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला. तो गोणीचं तोंड सुतळीनं आवळत होता, वर बघितलंही नाही त्यानं.

"ठरलं. पन राबाच्या टायमाला आठ दिवस घर बंद राहील यांचं."