निरोपबाई पाहुणी येते

निरोपबाई रस्त्याला लागली की गल्ली कशी झाडूनपुसून मोकळी व्हायची. भाजीवाली टोपलीआड बसायची, नळावर भांडणाऱ्या दोघी एकमेकींना धरून एकाच दारात घुसायच्या, आणि न्हाव्यासमोरचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी मागच्या दारानं पसार. बाई खाष्ट होती म्हणाल तर मुळीच नाही. धंदाच तसा होता.

त्या गावचा मरणाचा देव म्हणजे मुराळी. सासरी दमलेल्या लेकीला न्यायला माहेरचं मायेचं माणूस येतं ना, तसा. हाताला धरून, गप्पा मारत, वाटेत धाप लागली तर थांबत नेणारा. एवढा भला देव न सांगता कसा येईल? सात दिवस आधी त्याच्या देवळातून निरोपबाई जायची, दारावर तीनदा टकटक करायची आणि म्हणायची, "सात दिवसांनी मुराळीबाबा येताहेत. आवरून ठेवा." गावात बाकी कुणी दार एकदा वाजवायचं, दोनदा वाजवायचं, घाई असेल तर बडवायचं, पण तीनदा कधी नाही. एका दूधवाल्यानं चुकून तीनदा वाजवलं, तर गिऱ्हाइकांनी वर्षभर त्याचं दूध बंद केलं.

हसतमुखानं दार उघडणारे काय ते गुहेतल्या ड्रॅगनशी लढायला जाणारे शूरवीर. ते मरायचे, सोबतचा मांत्रिक त्यांना उठवायचा, जेवून पुन्हा गुहेत. त्यातल्या एका ढालवाल्याला बाईनं नऊ निरोप दिले होते. दहाव्याला तो म्हणाला, "बाबांना म्हणावं, गुरुवार सोडून कधीही या. गुरुवारी दाढ काढायचीय, आणि मला भीती वाटते हो त्याची!"

पण बावीस वर्षांत बाई गावातल्या प्रत्येक दारापर्यंत गेली आणि एकाही दाराच्या आत गेली नाही. "या, बसा" एवढंसं कुणी तिला म्हटलं नव्हतं.

मग देवळाचं मोठं घड्याळ बंद पडलं आणि दुरुस्तीला घड्याळजी आला. वय पन्नास, लग्न नाही, थोरल्या बहिणीजवळ राहणारा, डोळ्याला भिंग लावून जग बघणारा. शिडीवरून तो निरोपबाईला म्हणाला, "अहो, तो पेचकस द्या जरा." बाईनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. म्हणजे तिलाच!

काम आठ दिवस चाललं. तिसऱ्या दिवसापासून दोघं एका डब्यात जेवू लागली. आठव्या दिवशी हत्यारं गुंडाळताना तो कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "घरी या ना एकदा."

आता हे प्रेम नव्हे तर काय? देवळातल्या सगळ्या पुजारणींना कळलं होतं, फक्त त्या दोघांना सोडून.

पुढच्या सुटीच्या दिवशी निरोपबाईनं देवळाचा करडा अंगरखा खुंटीला टांगला, हळदी रंगाचा नवा झगा घातला आणि निघाली. वाटेत वाक्य घोकत होती, "तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करू या." दारात पोचली. वाक्य शेवटचं एकदा घोकलं आणि हात आपला सवयीनं उठला.

टक. टक. टक.

दार उघडून बहिणीनं तिला पाहिलं आणि अशी किंचाळली की शेजारच्याची मांजर छपरावर गेली.

"बाळा, तुझा निरोप आला रे!"

"अहो ताई, मी आपली सहजच..."

"तुमच्यातलं कोण येतं हो सहज?"

गल्ली धावली. जो तो घड्याळजीच्या गळ्यात पडू लागला, आणि त्या गर्दीनं निरोपबाईला ढकलत ढकलत पार नळापर्यंत नेऊन सोडलं.

ती तशीच धापा टाकत देवळात गेली. थोरल्या पुजारीणबाई वाती वळत होत्या.

"तीनदाच वाजवलंस?"

"हाताला सवय हो. मेला थांबलाच नाही!"

"मग झालं. वाजलेलं दार न वाजलेलं होत नाही, पोरी. सातव्या दिवशी बाबा येणार, आणि आले की कुणाचातरी हात धरल्याशिवाय जात नाहीत. हजार वर्षांत गेले नाहीत."

"कुणाचाही चालेल?" बाईनं हळूच विचारलं.

पुजारीणबाईंनी वात खाली ठेवली. "तसले विचार करू नकोस."

पण विचार तर करून झाला होता.

इकडं घड्याळजीचं काय झालं म्हणता? तो सुटलाच. जन्मभर मान खाली घालून भिंगातून बघणारा माणूस. सातच दिवस उरलेत म्हटल्यावर त्याला मान वर करायची चटक लागली. पहिल्या दिवशी दुकानाच्या मालकाला म्हणाला, "शेठ, तुमच्या मिशा खोट्या आहेत हे गावाला माहीत आहे. उन्हाळ्यात डावी बाजू सुटते." दुसऱ्या दिवशी पलंग देऊन टाकला, तिसऱ्या दिवशी खुर्च्या, चौथ्या दिवशी हत्यारं. पाचव्या दिवशी बहिणीला म्हणाला, "ताई, तुझं सूप तीस वर्षं आळणी आहे." सहाव्या दिवशी भर चौकात नाचला. नाच भयंकर होता, पण मरणाऱ्या माणसाला कोण सांगणार?

बाई रोज गल्लीच्या तोंडाशी जायची. रोज कुणीतरी ओरडायचं, "पुन्हा आली! दिवस कमी झाले वाटतं!" आणि रडारड नव्यानं सुरू.

सातव्या दिवशी भर दुपारी ती गल्लीत घुसलीच. घड्याळजीच्या उंबऱ्याबाहेर हात पुढं करून उभी राहिली. आत बिनखुर्च्यांच्या खोलीत अख्खी गल्ली जमिनीवर बसली होती, मधोमध घड्याळजी.

मुराळीबाबा आले. अंगानं किरकोळ, वहाणांवर धूळ, काखेत जाडजूड वही. त्यांनी दारावरचा क्रमांक वाचला, वही चाळली, पुन्हा क्रमांक वाचला.

"हे घर आज माझ्याकडं नाही," ते कोड्यात पडून म्हणाले. "पण तीन टकटक ऐकू आली होती खरी."

"माझी चूक, बाबा! मी पाहुणी म्हणून आले होते," बाई एका दमात म्हणाली. "त्यांना नेऊ नका. रिकाम्या हातानं जात नाही ना तुम्ही? मग मला न्या."

खोलीत सुई पडली असती तर घड्याळजीनं ती आवाजावरून शोधून काढली असती, एवढी शांतता.

"तुझं नाव फार मागं आहे गं," बाबा म्हणाले. "तेवढी पानं उलटायला लावू नकोस. पण बोललीस ते खरं. आलो की कुणालातरी हाताला धरून नेतो, हा नेम आहे." त्यांनी तिचा हात धरला. घड्याळजी ताडकन उठला, बहिणीनं डोळे मिटले. "कुठं न्यायचं, ते मात्र माझ्यावर असतं."

आणि त्यांनी तिला उंबरा ओलांडून आत नेलं, गर्दीतून वाट काढत घड्याळजीजवळ पोचवलं आणि हात सोडला.

"बस," बाबा म्हणाले. "दमली असशील."

बाई बसली. आणि घोकलेलं वाक्य? साफ विसरली! तेव्हा घड्याळजीच बोलला. "सात दिवस सगळ्यांना खरं सांगत सुटलो, तुम्हाला तेवढं राहिलं. देवळाचं घड्याळ दुसऱ्याच दिवशी सुरू झालं होतं. रोज संध्याकाळी निघताना मीच एक चाक सैल करून ठेवायचो."

"अगं बाई!" निरोपबाई म्हणाली, आणि रडावं की हसावं ते न कळून दोन्ही करू लागली. मग अख्खी गल्ली दोन्ही करू लागली. मालकानं डोळे पुसले, त्यात मिशीची डावी बाजू हातात आली, तरी कुणी हसायचं थांबेना.

बहिणीनं मात्र मान उडवली. "मरत नाहीस तर मग माझ्या सुपाचं काय रे?" तिनं रागारागानं वाडगा भरून बाबांसमोर आदळला. "तुम्हीच सांगा!"

बाबांनी चव घेतली. भला देव, पण खोटं बोलत नाही.

"आळणी आहे, ताई."

"असं? मग सात दिवसांनी या! मीठ घालून ठेवते!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच उमगलं. खोली पांढरीफटक पडली. बाबांनी वही काखेत मारली आणि वहाणा घालता घालता गालातल्या गालात हसले.

"येतो," ते म्हणाले. "जेवायलाच येतो."