ब्रेक लागला

कुवेत म्हटलं की तुम्हाला तेलाची विहीर पाहिजे असणार. निदान एखादा उंट तरी. नाहीतर कुणी शेख, त्याची लांबलचक गाडी आणि तिच्यात मागं ऐटीत बसलेला मी. तर जरा सावरून बसा, यातलं काहीच येणार नाही. तेल आहे, पण वाटीभर, तेही ब्रेकचं, आणि रंगानं आमच्या वसमतच्या बसस्टँडवरच्या चहासारखं. मोटरसायकल आहे म्हणून वाळवंटात सुसाट सुटलेला हिरो शोधायला लागला असाल तर तेही सोडा. हिरो माझा थोरला भाऊ आहे. त्याला पोट आहे. आणि तो गाडी चाळीसच्या वर नेत नसे, कारण चाळीसच्या वर गेली की ती थांबत नसे.

दादा इथं तेलाच्या कामातल्या एका ठेकेदाराकडं सेफ्टी ऑफिसर आहे. रोज सकाळी साइटवर माणसं उभी करून तो भाषण देतो. मला ते पाठ आहे. दोन्ही हात मागं, पोट पुढं, घसा एकदा खाकरायचा आणि मग, "देखो भाई. घर में कोई राह देख रहा है. जो चीज ढीली है, उसको आज टाइट करो, कल मत करो." मी हे करून दाखवलं की वहिनी ओढणी तोंडाला लावतात आणि माझी पुतणी सोफ्यावरून खाली लोळते. दादा हसत नाही. "कर नकला," म्हणतो, "शाळेतबी हेच केलास."

मला इथं आणलं त्यानंच. फिंतास भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये हॉलमधला दिवाण माझा. दिवसा मी एका गॅरेजात फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायच्या गाड्या, दुरुस्त करतो. दादाच्या मते ते काही खरं मेकॅनिकचं काम नाही.

गाडी त्यानं कायमचा गावी चाललेल्या एका माणसाकडून घेतली होती. जुनी, पण टाकी चकचकीत. पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की पार मुठीला येऊन टेकायचा. पहिल्यांदा दाबल्यावर काहीच व्हायचं नाही. दुसऱ्यांदा गाडी विचार करायची. तिसऱ्यांदा ब्रेक लागायचा, लागला तर. आणि दादाला याचा अभिमान होता.

"गाडी समजून घ्यावी लागते," तो म्हणायचा. "लांबूनच तीनदा पंप मारायचा. हे शिकवून येत नसतं."

मी हात मागं घेऊन म्हटलं, "देखो भाई, जो चीज ढीली है..."

"गप बस."

थंडी सुरू झाली की शुक्रवारी सकाळी तो लेकीला मागं बसवून समुद्राकडच्या रस्त्यानं फिरवून आणायचा. वहिनी तेवढा वेळ बाल्कनीत. कपडे वाळत घालतोय असं दाखवायच्या, पण बादलीत कपडे नसायचे.

एकदा मी चहा घेत होतो, तर वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, परवा सिग्नलला गाडी थांबलीच नाही म्हणे. हे दोन गाड्यांच्या मधून तसेच पुढं गेले. ती हसत सांगत होती."

पुतणी आतून म्हणाली, "इट वॉज सो फनी, काका."

"तुम्ही बोला की दादाला," मी म्हटलं.

"बोलले. म्हणतात, मी सगळ्या साइटला सेफ्टी शिकवतो, आता तू मला शिकव. तुम्हीच करून टाका ना ते. हे ड्युटीवर असताना. विचारलं तर सर्व्हिसिंग केलं म्हणा." आणि वळता वळता, "माझं नाव मात्र मध्ये आणू नका हं."

मी नाही म्हणणार होतो थोडाच. एक तर पुतणी मागं बसत होती. आणि दुसरं म्हणजे या घरात मला पहिल्यांदाच कुणीतरी काम सांगत होतं, नक्कल सोडून.

गुरुवारी दादा कंपनीच्या बसनं ड्युटीवर गेला आणि मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर घेतली. ब्रेकचे पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. त्यांना दाबणारा पिस्टन गंजून अर्धा अडकलेला. आणि खरा चोर म्हणजे रबरी नळी. लिव्हर दाबला की ती बेडूक गिळलेल्या सापासारखी फुगायची. हाताचा निम्मा जोर नळी फुगवण्यात जायचा, चाकापर्यंत पोचायचाच नाही. नळी बदलली, स्टीलची जाळी असलेली टाकली, ती फुगत नाही. पॅड नवीन, पिस्टन साफ, त्याचे रबर नवीन. मग जुनं तेल काढून नवं भरलं आणि नळीतली हवा बाहेर काढायला बसलो. त्याला दोन माणसं लागतात, एकानं लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली स्क्रू सोडायचा. आमच्या बिल्डिंगचा रखवालदार मिसरी आहे, म्हणजे इजिप्तचा, त्यालाच लिव्हरवर बसवला. प्रत्येक बुडबुड्याला तो विचारायचा, "खलास?" मी त्याच्याच आवाजात म्हणायचो, "लिस्सा, या हबीबी, लिस्सा," म्हणजे अजून नाही. बुडबुडे संपले तेव्हा दोघं एकाच आवाजात खलास म्हणालो.

बाहेर एक चक्कर मारली. एका बोटानं लिव्हर ओढला आणि गाडी जागच्या जागी उभी. मीच टाकीवर आदळलो. तेव्हाच कळलं की ही गोष्ट दादाला, तो गाडीवर बसायच्या आधी, सांगायलाच पाहिजे. हात जुना आणि ब्रेक नवा, हे जमत नसतं.

शुक्रवारी दादा खाली आला, मागं हेल्मेट घातलेली पुतणी. रात्री वारं सुटलं होतं, पार्किंगच्या तोंडाशी बारीक रेतीचा थर बसला होता. मी सांगायला पुढं झालो. साधंच सांगणार होतो. पण पुतणीनं मला बघून टाळ्या वाजवल्या, रखवालदार झाडू टेकून उभा राहिला, आणि माझे हात आपोआप मागं गेले, पोट पुढं आलं.

"देखो भाई. गाडी का ब्रेक अब सुधर गया है. पहली बार में लगेगा. एक उंगली से मारने का. तीन बार पंप नहीं मारने का."

पुतणी हसून हसून वाकली. रखवालदाराला हिंदी कळत नाही, पोट कळलं, तोही हसला. दादाचा चेहरा लाल झाला.

"झालं तुझं?"

"दादा, खरंच सांगायलोय. ब्रेक लागतोय आता."

"लागतोय तर लागू दे. माणसांसमोर माकडचाळे करायलास." मग लेकीला म्हणाला, "तू थांब इथंच, गाडी गरम करून आणतो."

तो कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, आला. येताना लांबूनच, रोजच्यासारखी, चारही बोटं लिव्हरवर. रोजच्या जोरानं पहिला पंप. दुसऱ्याची वेळच आली नाही. पुढचं चाक रेतीवर जाम झालं, गाडी आडवी झाली आणि दादा हातावर पडला.

आपल्याकडं ब्रेकही लागतो आणि माणसालाही लागतं. शब्द एकच. ब्रेक लागत नव्हता तोवर या घरात कुणाला काही लागलं नव्हतं.

मनगट मोडलं होतं. संध्याकाळी दादा सोफ्यावर, हात प्लास्टरमध्ये. वहिनी वरणभात कालवून चमचा त्याच्या डाव्या हातात देत होत्या. मी दिवाणाच्या कडेला.

"कुणाला विचारून हात लावलास गाडीला?"

मी वहिनींकडं बघितलं. त्या भातातली मिरची बाजूला काढत होत्या.

"पोरगी मागं असती तर?"

"जुना ब्रेक राहिला असता तर कधीतरी..."

"जुना ब्रेक मला माहीत होता," दादा म्हणाला. "फोर्कलिफ्टवर माणसं बसवून नेतोस का तू? मग कशाला हात लावतोस?"

"मी सांगितलं होतं, दादा."

"सांगितलास? नक्कल केलास तू. माझी. त्या रखवालदारासमोर."

आतून पुतणी म्हणाली, "बट काका डिड टेल यू, बाबा." तिला अभ्यास करायला सांगण्यात आलं.

मी सांगितलं होतं, अक्षर न् अक्षर खरं. आवाज तेवढा त्याचा होता. स्वतःच्या आवाजातलंही एक वाक्य होतं, पण ते कुणाला ऐकूच आलं नाही. माझ्या आवाजाची या घरात कुणाला सवयच नाही. मी परत वहिनींकडं बघितलं. आता तरी काही बोलतील असं वाटलं, आणि त्या बोलल्या. ताटावरची नजर वर न करता, शांतपणे.

"चाललं होतं ना सगळं व्यवस्थित, भाऊजी? नसती उठाठेव करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"